मातृभाषेचा रकाना : बधिर तरुणांची भाषा व अस्मिता

जनगणनेच्या प्रश्नावलीत मातृभाषेचा जो रकाना असतो, त्याकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः आकडेवारीपुरतेच जाते. मातृभाषा कशास म्हणावे ह्याची व्याख्याही गणनेच्या सूचनांत दिलेली असते. ती वाचण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. २००१ च्या जनगणनेतील व्याख्या अशी की, बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती तिची मातृभाषा. आई लवकर वारली असल्यास घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. इथवर कोणाची काही तक्रार नसावी. परंतु व्याख्या पुढे सांगते की, तान्ही मुले आणि मूकबधिर ह्यांच्या बाबतीत आई सामान्यतः जी भाषा बोलत असेल ती नोंदवावी. पंचवीस वर्षांचा, नोकरी करणारा, मित्रांशी दोन्ही हातांनी तासन् तास वाद घालणारा तरुण आणि पाळण्यातील मूल ही दोघे येथे एकाच ओळीत बसली आहेत. मूल उद्या बोलू लागेल आणि पुढील गणनेत त्याच्याविषयीचा नियम बदलेल. तरुणाच्या बाबतीत मात्र त्याच्या आईचीच भाषा लिहिली जात राहील. त्याची स्वतःची एखादी भाषा असू शकेल, ही शक्यता व्याख्या करणाऱ्यास सुचलेलीच दिसत नाही.

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख भरली. ज्यांच्या घरी मराठी बोलली जाते अशी बधिर माणसे तीत आलीच. त्याच जनगणनेच्या अपंगत्वविषयक कोष्टकात श्रवणदोष असलेल्यांची देशभरातील संख्या ५० लाखांहून अधिक आहे. ह्या संख्येत वार्धक्याने ऐकू येईनासे झालेलेही आहेत, तेव्हा तीवरून खुणांच्या भाषेच्या भाषकांचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. पण वस्तुस्थिती एवढी खरी की, एका कोष्टकात कान मोजले गेले, दुसऱ्यात माता मोजल्या गेल्या, आणि त्या तरुणाची भाषा दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहून गेली.

बधिर तरुणांची भाषा व अस्मिता ह्यांविषयी गेल्या काही दशकांत जे लेखन झाले त्यातील तीन प्रयत्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिला, कॅरोल पॅडन व टॉम हम्फ्रीज ह्यांचा ‘डेफ इन अमेरिका’ हा १९८८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. दुसरा, मिशेल फ्रीडनर ह्यांचा बंगळूरच्या बधिर तरुणांविषयीचा २०१५ मधील ‘व्हॅल्यूइंग डेफ वर्ल्ड्‌स इन अर्बन इंडिया’. तिसरा, ॲनेलिस कुस्टर्स ह्यांचे मुंबईविषयीचे काम. २००९ मधील एक निबंध व २०१५ मधील ‘इशारे’ हा माहितीपट. पहिल्याने ह्या विषयाला त्याची परिभाषा दिली. ती परिभाषा आपल्याकडे जशीच्या तशी आणता येईल काय, आणि न आल्यास तिच्या जागी काय ठेवावे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८८० साली मिलान येथे भरलेल्या बधिर-शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने असा ठराव केला की, बधिरांस शिकविताना खुणांपेक्षा मुखोच्चाराची पद्धती श्रेष्ठ मानावी. मतदान करणाऱ्यांत बधिर मनुष्य जवळजवळ नव्हताच. ह्या ठरावाचा पगडा पुढे सुमारे शंभर वर्षे टिकला. मुंबईत १८८० च्या दशकाच्या मध्यास आपल्या देशातील पहिली बधिरांची शाळा निघाली, ती ह्याच वातावरणात; आणि नंतर निघालेल्या बहुतेक शाळांतही वर्गात ओठ वाचावयाचे, उच्चार घोटावयाचे, व खुणा करावयाच्या त्या मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात, असा शिरस्ता पडला. मिलानच्या ठरावाविषयी अधिकृत खेद व्यक्त व्हावयास २०१० ची व्हँकूवर परिषद उजाडावी लागली.

भाषाशास्त्र ह्या क्षेत्रात आले तेही आडवाटेने. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयात १९५५ साली इंग्रजी शिकविण्यास रुजू झालेला विल्यम स्टोकी हा मूळचा मध्ययुगीन इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक. आपले विद्यार्थी आपसांत हातांनी जे करतात त्याला व्याकरण आहे, हे त्याच्या ध्यानी आले आणि १९६० साली त्याने ते एका पुस्तिकेत मांडले. त्याचे म्हणणे असे की, खूण ही अखंड चित्र नसून हाताचा आकार, हाताचे स्थान व हालचाल अशा, स्वतः अर्थहीन असलेल्या घटकांची ती जुळणी असते. ‘काल’ आणि ‘गाल’ ह्यांतील भेद जसा एका वर्णावर उभा आहे, तसेच येथे घडते. अमेरिकन खुणांच्या भाषेत उन्हाळा, कुरूप आणि कोरडा ह्या तीन शब्दांचा हस्ताकार व हालचाल एकच. पहिला कपाळापाशी, दुसरा नाकापाशी, तिसरा हनुवटीपाशी होतो, एवढाच भेद. हे एकदा दाखविल्यावर ‘हावभाव’ हा शब्द मागे घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. १९६५ मध्ये स्टोकीने दोन सहकाऱ्यांसह ह्या भाषेचा कोश काढला; त्यांपैकी कार्ल क्रोनेबर्ग हा स्वतः बधिर होता, आणि ह्या भाषेच्या भाषकांकडे एक समाज म्हणून पाहणारी टिपणे कोशाच्या परिशिष्टांत त्याचीच आहेत. त्यानंतर १९७२ साली जेम्स वूडवर्डने एक लेखनसंकेत सुचविला : ज्यास केवळ ऐकू येत नाही त्याच्यासाठी इंग्रजी शब्द लहान अक्षराने लिहावा, आणि जो खुणांची भाषा बोलणाऱ्या समाजाचा घटक आहे त्याच्यासाठी तोच शब्द मोठ्या अक्षराने.

पॅडन व हम्फ्रीज ह्यांचा ग्रंथ ह्या मोठ्या अक्षराचे भाष्य आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तो लहान आहे, कोठेही जड नाही, आणि त्याचे सामर्थ्य सिद्धान्तापेक्षा कथांत आहे. त्यांतील एक कथा सुपाला ह्या बधिर कुटुंबातील मुलाची. घरात सारेच बधिर, त्यामुळे त्याला आपल्यात काही उणे आहे हे ठाऊकच नाही. शेजारच्या मुलीशी त्याची गट्टी जमते, पण तिला साध्या साध्या खुणाही करता येत नाहीत. बिचारीला काहीतरी विचित्र आजार असावा, अशी तो मनाशी गाठ बांधतो. मग एकदा तिची आई येते, तोंड हलविते आणि मुलीला सारे कळते! ह्या मुलाच्या जगात विकार आहे तो ऐकणाऱ्यांना.

दुसरे उदाहरण शुद्ध अर्थशास्त्रातील — म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्रातील — आहे, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते मुळातून पाहावे. ‘थोडासा कमी ऐकणारा’ व ‘फारच कमी ऐकणारा’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगांचे अमेरिकन बधिरांच्या भाषेत अर्थ उलटे होतात. तेथे ‘थोडासा’ म्हणजे बधिरांहून थोडासाच वेगळा, अर्थात् ज्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असा. आणि ‘फारच’ म्हणजे बधिरांपासून फार दूर गेलेला, चांगले ऐकू येणारा. मोजपट्टी तीच, पण शून्य दुसऱ्या टोकाला. त्याच भाषेत ‘ऐकणारा’ ह्या अर्थाची खूण कानापाशी होत नाही, तोंडापाशी होते : ही माणसे म्हणजे तोंड हलविणारी माणसे. आणि तीच खूण कपाळापाशी केली की ती शिवी होते. डोक्याने ऐकणाऱ्यांच्या बाजूचा, असा बधिर! एखाद्या गटाचे ‘आपण’ आणि ‘ते’ शब्दांच्या घडणीत कसे उतरते, ह्याचा इतका बोलका पुरावा — पाहा, ‘बोलका’ हाही शब्द आडवा आला — दुसरीकडे मिळणे कठीण.

तरीसुद्धा ग्रंथ मिटल्यावर एक शंका उरते. सुपालाची कथा, आणि तिच्यासारख्या ज्या कथांवर ग्रंथाचा डोलारा उभा आहे त्यांतील कितीतरी, बधिर आईबापांच्या बधिर मुलांच्या आहेत. अशी मुले बधिरांत अत्यल्प असतात. दहांपैकी नऊहून अधिक बधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, हे अमेरिकेतही खरे आहे. म्हणजे जी भाषा ह्या समाजाचा प्राण आहे ती बहुतेकांस आईकडून मिळत नाही. ती शाळेत, वसतिगृहात मिळते आणि पुष्कळांच्या बाबतीत अठराव्या-विसाव्या वर्षी मिळते. ग्रंथाचे दोन कर्ते हेच ह्या भेदाचे उदाहरण होत. पॅडन बधिर कुटुंबात वाढल्या. हम्फ्रीज लहानपणी बधिर झाले आणि दुसरी बधिर माणसे त्यांना भेटली ती महाविद्यालयात गेल्यावर. संस्कृतीचे वर्णन मात्र पहिल्या अनुभवाच्या साच्यात घडले आहे. दुसरा अनुभव, म्हणजे वयात आल्यावर एका भाषेत प्रवेश करण्याचा अनुभव, ग्रंथात आहे, पण तो जणू उशिरा घरी परतलेल्या मुलाचा अनुभव म्हणून. माझ्या मते नियम हा आहे, आणि सुपाला अपवाद.

असे का झाले असावे? वंश, धर्म वा भाषा ह्यांच्या नावाने हक्क मागणाऱ्या अल्पसंख्य गटांच्या पंगतीत बसावयाचे तर ‘आम्हीही जन्माने असे आहोत’ असे दाखविणे अमेरिकेतील त्या काळाच्या राजकारणात सोयीचे होते. ग्रंथ निघाला त्याच वर्षी, मार्च १९८८ मध्ये, गॅलोडेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इतिहास घडविला. १८६४ पासून बधिरांना पदव्या देत आलेल्या ह्या संस्थेस एकही बधिर अध्यक्ष लाभला नव्हता. विश्वस्तांनी ६ मार्चला पुन्हा ऐकणारी व्यक्ती निवडली तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची दारे बंद केली. आठवडाभरात निवडलेल्या अध्यक्षा पायउतार झाल्या, विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला आणि किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. विशीतल्या मुलांनी, हातांनी घोषणा देत, मिळविलेला हा विजय होता आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. जॉर्डन ह्यांना एकविसाव्या वर्षी झालेल्या अपघातामुळे बधिरत्व आले होते. ते जन्माने बधिर नव्हते. त्या वर्षी ते कोणाला खुपले नाही. २००६ साली त्यांच्या जागी जेन फर्नांडिस ह्यांची निवड झाली तेव्हा पुन्हा आंदोलन झाले आणि निवड रद्द करावी लागली. फर्नांडिस जन्मतः बधिर होत्या, पण खुणांची भाषा त्या विशीत शिकल्या. त्या पुरेशा बधिर नाहीत म्हणून हा विरोध आहे, असा बोभाटा झाला. आंदोलकांनी तो नाकारला आणि आपला आक्षेप कारभाराविषयी असल्याचे सांगितले. खरेखोटे काही असो. ‘पुरेसा बधिर’ हा शब्दप्रयोग सर्वांस लगेच कळला, ह्यातच मोठ्या अक्षराची अडचण उघड होते. अस्मितेला उंबरठा बांधला की तेथे उभे राहून आत येणाऱ्यांची परीक्षा घेणारा कोणीतरी लागतोच.

हे मोठे अक्षर मराठीत आणावयाचे झाल्यास पहिली अडचण लिपीचीच आहे. देवनागरीस लहानमोठी अक्षरे नाहीत. (इंग्रजीतही हा भेद कानाला कळत नाही, डोळ्यालाच दिसतो, तीत कोणाला सूक्ष्म विनोद दिसला तर तो असो.) तेव्हा जे इंग्रजीत अक्षराने साधते ते मराठीत शब्दाने साधावे लागेल, आणि आपल्या शब्दांची स्थिती काय आहे? ‘बहिरा’ हा घरगुती शब्द. त्यात चेष्टा आहे, आणि गावात तो माणसाच्या नावाची जागा घेतो. ‘मूकबधिर’ हा शब्द कित्येक शाळांच्या पाट्यांवर होता व आहे; पण ज्याचा कंठ शाबूत आहे आणि ज्याला भाषाही आहे, त्याला मूक म्हणणे दोन्ही बाजूंनी चूक. ‘श्रवणबाधित’ हा दवाखान्यातून आलेला आहे. ‘दिव्यांग’ हा २०१५ नंतर सरकारी कागदांत रूढ झालेला शब्द दिव्यत्व देतो. भाषेविषयी तो काही सांगत नाही. राहिला ‘कर्णबधिर’. संस्कृतज्ञास तो द्विरुक्त वाटेल, कारण बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही असाच. पण मराठीत बधिर हिरडीही होते आणि दुःखाने मनही होते. शब्दाचा मूळ अर्थ इतका पसरला की त्याला ‘कर्ण’ जोडून पुन्हा कानाशी आणावे लागले. मी ह्या लेखात नुसता ‘बधिर’ वापरला आहे तो सामासिक शब्दांच्या सोयीसाठी. ह्या पाचांपैकी एकही शब्द त्या माणसांनी स्वतःसाठी घडविलेला नाही, हे अधिक महत्त्वाचे. त्यांचा स्वतःचा शब्द त्यांच्या भाषेत आहे, आणि तो लिहिला जात नाही.

भाषेसाठीचे आपले शब्दही तितकेच अडचणीचे आहेत. भाषा हा शब्द मुळात बोलण्याचा. बोली, वाणी, वाचा, जबान सारे तोंडाशी बांधलेले. ‘खुणांची भाषा’ म्हटले की ऐकणाऱ्यास ते फुलांची भाषा, डोळ्यांची भाषा ह्यांसारखे लाक्षणिक वाटते. ‘सांकेतिक भाषा’ ह्या अधिकृत नावाने गुप्त लिपीचा वा तारायंत्राचा भास होतो. वास्तविक शब्द व अर्थ ह्यांचा संबंध संकेताने ठरतो, हे आपल्या शास्त्रकारांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. त्या अर्थाने मराठीही सांकेतिकच. हिंदीतला ‘इशारा’ मराठीत आला तो धमकी होऊन. उलट दिशेने पाहिले तर मुकेपणाचे रूपक आपल्या सामाजिक विचारात खोल रुजले आहे. ‘मुकाट्याने’ म्हणजे निमूटपणे, तक्रार न करता. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ ठेवले तेव्हा, ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांचा कैवार त्यात होता. रूपक समर्पक होते व राहील. परंतु हक्क म्हणजे आवाज, हक्कहीन म्हणजे मुका, हे समीकरण ज्या भाषेत इतके घट्ट आहे तीत, ज्याला आवाज नको आहे, दुभाषा हवा आहे, अशा तरुणाने आपली मागणी कोणत्या शब्दांत मांडावी? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभागातून वगळलेल्यांच्या यादीत बधिर व मूक आहेत. कायद्याने ती बाधा १९२८ साली दूर केली. भाषेतील बाधा दूर करण्यास कायदा पुरत नाही.

आता फ्रीडनर ह्यांच्या ग्रंथाकडे वळू. बंगळुरातील ज्या तरुणांत त्या वावरल्या ते खेड्यांतून, लहान शहरांतून आलेले. शाळेत त्यांनी फळ्यावरचे उतरवून घेतले, कळले थोडे. मग व्यवसायशिक्षणाच्या एका संस्थेतून दुसरीत, तेथून कॉफीच्या दुकानात किंवा संगणकाच्या कचेरीत, रविवारी चर्चमध्ये, संध्याकाळी सभासद जोडत जाण्याच्या साखळी-व्यापाराच्या बैठकीत, असे ते फिरत असतात. ह्या साऱ्या ठिकाणांत समान गोष्ट एकच, की तेथे दुसरी बधिर माणसे भेटतात आणि कोणीतरी कोणाला काहीतरी समजावून सांगते. ज्याला कळले त्याने दुसऱ्यास सांगावयाचे, हे तेथे जणू नीतीचे पहिले कलम आहे. ह्या तरुणांचा आवडता विषय ‘अस्मिता’ नसून बधिरांची ‘प्रगती’ आहे आणि त्यांचा आवडता शब्द ‘सारखे’ हा आहे : तू बधिर, मी बधिर, आपण सारखे. ह्यात उंबरठा नाही. कालपर्यंत ज्याला एकही खूण येत नव्हती तोही आज सारखाच. त्याला शिकविणे हे बाकीच्यांचे काम. फ्रीडनर भाबड्या नाहीत. कॉफीच्या दुकानांत हसतमुखाने काम करणारे बधिर तरुण मालकाला काय मिळवून देतात, आणि नोकरी सोडून न जाणारा कामगार म्हणून त्यांचे कौतुक कोण करतो, हे त्यांनी नीट दाखविले आहे. मला त्यांच्यात उणीव वाटली ती घरच्या भाषेविषयी. कन्नड वा तमिळ लिहिण्यावाचण्याचे ह्या तरुणांच्या आयुष्यात स्थान काय, ह्या प्रश्नापाशी त्या पुरेशा थांबत नाहीत.

कुस्टर्स ह्यांचे मुंबईविषयीचे निरीक्षण मराठी वाचकास अधिक जवळचे वाटेल. उपनगरी गाडीत अपंगांसाठी जो डबा असतो, तो बधिरांनी आपला कट्टा केला आहे. ठरावीक गाडीला, ठरावीक वेळी माणसे भेटतात; नोकरीची जागा कोठे निघाली, कोणाचे लग्न जमले, कोठे सभा आहे, सारे तेथे कळते. गाडीच्या खडखडाटात ऐकणाऱ्यास शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागते. ह्यांना तो त्रास नाही. आणि गप्पा संपल्या नाहीत तर आपले स्थानक गेले तरी गेले! जागेच्या टंचाईने गांजलेल्या शहरात एका समाजाने रुळांवर आपली जागा केली, हे दृश्य ‘संस्कृती’ ह्या शब्दाला पॅडन-हम्फ्रीजांच्या ग्रंथाहून निराळा आशय देते. हिला घराणे नाही, गाव नाही, वेळापत्रक आहे. ‘इशारे’ माहितीपटाने ह्यात आणखी भर घातली. मुंबईच्या बाजारात भाजीवाला, टपरीवाला आणि बधिर गिऱ्हाईक ह्यांचा व्यवहार हातवाऱ्यांनी सुखाने चालतो, कारण ऐकणाऱ्या मुंबईकराचे हातही मुळात गप्प नसतात. पण भाव ठरविण्यास जे पुरते ते भांडणास वा समजुतीस पुरत नाही, आणि बधिर माणसांना स्वतःला ती सीमा स्पष्ट ठाऊक असते. हातवारे आणि भाषा ह्यांतील भेद त्या शहरातील बधिर माणूस भाषाशास्त्रज्ञाइतकाच जाणतो. फक्त त्याला तो भेद युद्धाची रेषा वाटत नाही.

ह्या भाषेचा भूगोल आपल्या परिचयाचा नाही, हे येथे सांगितले पाहिजे. उल्रिके त्सेशान ह्यांनी २००० साली कराची व दिल्ली येथील खुणांच्या भाषेचे विवेचन प्रसिद्ध केले आणि दोहोंचे व्याकरण एकच असून शब्दसंग्रहातच भेद आहे, असे दाखविले. म्हणजे फाळणीने जे तोडले ते ह्या भाषेत तुटले नाही. आणि १९६० साली आपण ज्या तत्त्वावर राज्य मिळविले ते तत्त्व तिला लागूच पडत नाही : मुंबईतील मराठी घरचा बधिर मुलगा व गुजराती घरची बधिर मुलगी ह्यांची भाषा एक असते, त्यांच्या आयांची नसते. कोल्हापूरच्या तरुणाला आपले नाव हातांनी लिहून दाखवावयाचे झाले तर तो बहुधा दोन्ही हातांनी रोमन अक्षरे करील. देवनागरीची हस्ताक्षरे आहेत, पण त्यांचा वापर कमी. मित्रांनी त्याला दिलेले नाव तर कोणत्याच लिपीतले नसते. ते गालावरच्या तिळावरून, कुरळ्या केसांवरून किंवा एखाद्या लकबीवरून पडलेले असते. मग हा तरुण मराठी आहे काय? सण, जेवण, नातीगोती ह्यांच्या दृष्टीने आहेच. आजी कीर्तनाला गेली की तोही तिच्याबरोबर जातो. पण घरात जेवणाच्या पानावर हशा पिकतो तेव्हा ‘काय झाले?’ असे त्याने विचारले की ‘काही नाही, नंतर सांगते’ हे उत्तर ज्याने रोज ऐकले — पाहिले म्हणू — त्याच्या मराठीपणाचा आधार मराठी भाषा नव्हे.

येथे आपल्या एका आवडत्या सिद्धान्ताची परीक्षा होते. शिक्षण मातृभाषेतून व्हावे, हे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो आहोत, आणि बरोबरच सांगत आलो आहोत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले. ह्या सिद्धान्ताचे बळ ‘मातृ’ ह्या पदात नाही. मुलाला जी भाषा आयास न करता येते तीतून ज्ञान द्यावे, ह्या विचारात आहे. ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत दोन्ही एकच असतात, म्हणून आपण कधी भेद केला नाही. बधिर मुलाच्या बाबतीत ती फुटून निघतात. शब्दाला चिकटलो तर त्याला मराठीतून, म्हणजे त्याला न ऐकू येणाऱ्या ध्वनींतून, शिकवावे लागते, आणि आमच्या बहुतेक शाळांनी वर्षानुवर्षे तेच केले. विचाराला धरले तर खुणांच्या भाषेतून शिकवून तिच्या आधारे लेखी मराठी ही दुसरी भाषा म्हणून द्यावी लागते. एम. ए. च्या वर्गात हा मुद्दा निघाला की एखादा विद्यार्थी हटकून विचारतो : म्हणजे मग मराठीचा एक भाषक कमी झाला नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर असे की, तो भाषक कोष्टकात होता. वाचक म्हणून तो मराठीला कधी मिळालाच नव्हता, आणि मिळावयाचा असेल तर ह्याच वाटेने मिळेल.

आणखी एका गोष्टीची नोंद करून थांबतो. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची केंद्रीय संस्था स्थापन झाली. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्यात संज्ञापनाच्या व्याख्येत खुणांच्या भाषेचा समावेश झाला. आणि संस्थेचा कोश २०१८ मधील ३,००० शब्दांवरून २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला. शैक्षणिक धोरण ह्या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करू इच्छिते. प्रमाणभाषेच्या वादाचा अनुभव असलेल्या मराठी अभ्यासकास हे वाचताना थोडी धास्ती वाटल्यावाचून राहणार नाही. कोणत्या शहराच्या खुणा प्रमाण ठरतील, ते कोण ठरवील, आणि वसतिगृहात जन्मलेल्या जुन्या खुणांना ‘गावठी’ म्हणण्याची पाळी किती वर्षांत येईल? आपल्या राज्यातील जुन्या बधिर-शाळांतून पन्नास-साठ वर्षांपूर्वी शिकून गेलेली माणसे अजून हयात आहेत. शिक्षकांची पाठ फिरताच बाकाखाली हात नेऊन त्यांनी ज्या खुणा केल्या त्या कोणत्याही कोशात नसण्याचा संभव अधिक. आमच्या विभागात दरवर्षी बोलींच्या सर्वेक्षणावर प्रबंधिका लिहिल्या जातात; त्यांपैकी एखादी ह्या माणसांच्या हातांवर लिहिली जावी. त्यासाठी ध्वनिमुद्रण-यंत्राचा उपयोग नाही. चित्रीकरणाचे साधन, बधिर सहसंशोधक आणि त्याला देण्याइतके मानधन, एवढ्या तीन गोष्टी लागतील, आणि त्यांतली तिसरी मिळविणेच सर्वांत कठीण जाईल.